उजव्या बाजूचा ब्रेक

निकानोर तांकाराच्या गॅरेजात येणारा प्रत्येक माणूस आधी रोग सांगायचा आणि मग गाडी दाखवायचा, आणि निकानोरला नेमका याच गोष्टीचा मनस्वी तिटकारा होता. "मेस्त्री, कॉइल गेलीय." "मेस्त्री, पंपच असणार, माझा मेव्हणा म्हणाला." मेव्हणा काय करतो? तर बाजारात बटाटे विकतो. बटाटेवाल्याला इंजिनातलं कळतं, न्हाव्याला गिअरबॉक्समधलं कळतं, एक निकानोरच तेवढा इतकी वर्षं उगाच हात काळे करत बसलाय. अशा वेळी तो बोलायचा नाही. कोकाची पानं एका गालातून दुसऱ्या गालात सरकवायचा आणि गिऱ्हाइकाकडे असा बघायचा की त्याने पुढचं वाक्य गिळावं.

गॅरेज व्हिया फातिमाच्या चढावर होतं. ला पाझहून युंगासच्या घाटात उतरणाऱ्या गाड्या तिथूनच सुटतात, त्यामुळे घाटातल्या प्रत्येक ड्रायव्हरला ते दार ठाऊक होतं. रस्ता इतका उभा की आत उभ्या केलेल्या गाडीच्या चाकालाही दगड लावावा लागे. वर पत्रा, खाली तेल पिऊन काळी झालेली जमीन, आणि दिवसभर बाहेरून चढणाऱ्या ट्रकांचं कण्हणं.

त्या मंगळवारी बासिलिया ऊआराची आली तेव्हा तो एका ट्रकच्या पोटाखाली होता. आधी त्याला बाईच्या घेरदार झग्याची किनार दिसली, मग तिच्या मागे उभे असलेले पांढरेशुभ्र बूट. बूट तिच्या मुलाचे, ग्रोव्हरचे. ड्रायव्हरच्या पायात पांढरे बूट. निकानोरचं मत तिथेच झालं.

"मेस्त्री, गाडी बंद पडते," बाई म्हणाली.

"पडणारच. गाड्या बंद पडतात म्हणून तर मी जेवतो."

तो बाहेर आला. दारात एक जुनी जपानी मिनीव्हॅन उभी होती. बारा जणांसाठी बनवलेली आणि सोळा जण कोंबून नेणारी, एका बाजूला चेपलेली, मागच्या काचेवर देवाचं नाव आणि त्याखाली कुठल्याशा मुलीचं. असल्या गाड्या समुद्रापलीकडून येतात तेव्हा त्यांचं स्टिअरिंग उजवीकडे असतं. इथे पोचायच्या आधी बंदराजवळच्या शेडमध्ये कुणीतरी ते उपटून डावीकडे बसवतो, आणि मग पुढची वीस-तीस वर्षं ती बिचारी उलट्या हाताने चालते. निकानोरने अशा शेकडो पाहिल्या होत्या. त्यातलं एकही काम नीट केलेलं त्याला आठवत नव्हतं.

"आधी आवाज येतो," ग्रोव्हर सांगायला लागला. "टक. मग टक-टक. की लगेच इंजिन बंद. किल्ली फिरवली की पुन्हा चालू, काही झालंच नाही असं."

"आवाज कुठून?"

"खालून."

"खालून. वा. वरून येत नाही हे बरं झालं, नाहीतर पाद्री बोलवावा लागला असता."

ग्रोव्हरने आईकडे बघितलं. आईने सगळं सांगून टाकलं. दोन मेस्त्री झाले होते. एकाने पेट्रोलपंप बदलला, दुसऱ्याने कॉइल, प्लग आणि वायरी. गाडी होती तशीच. मग बाई कोकाची पानं टाकून भविष्य बघणाऱ्या एका म्हातारीकडे गेली, आणि म्हातारी म्हणाली की गाडीत आधीपासूनच एक माणूस बसलेला आहे.

"जपानी असेल," निकानोर म्हणाला. "कंटेनरात लपून आला आणि जकातही भरली नाही लेकाने. अहो बाई, दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असं चाललंय तुमचं. पंप चांगला होता तो फेकलात, कॉइल चांगली होती ती फेकलीत, आणि उरली अक्कल, तीही म्हातारीच्या पायाशी ठेवून आलात."

बासिलियाबाई हसली नाही आणि रागावलीही नाही. तिने डोक्यावरची हॅट काढून हातात घेतली.

"शनिवारी याची पाळी आहे," ती म्हणाली. "गाडी भरून कोरोइकोला उतरायचंय. या खेपेला नेली नाही तर संघटना पाळी दुसऱ्याला देईल. देऊ दे. मी आधी स्टँडवर सूप विकत होते, पुन्हा विकीन. तुम्ही मला एकच सांगा. याला घाटात पाठवू की नको? तुम्ही हो म्हणालात तर पाठवते. नाही म्हणालात तर किल्ली नदीत टाकते. मला हे एकच पोर आहे."

घोड्याएवढा झालेला मुलगा शेजारी उभा राहून बुटावरची धूळ झटकत होता. निकानोरला दोघांचीही कीव आली, आणि त्याच्या मनात कीव आली की ती तोंडापर्यंत येईतो कुचेष्टाच होई.

"मी हो म्हणेन ते इंजिन बघून म्हणेन," तो म्हणाला. "पानं बघून नाही. ठेवा गाडी."

त्याने पुढची सीट उचलून बाजूला ठेवली. या गाड्यांचं इंजिन सीटच्या खाली असतं, प्रवाशांच्या बुडाला ऊब देत. त्याने पंपाचं प्रेशर मोजलं, भरपूर होतं. फिल्टर कापून बघितला, स्वच्छ होता. वायरींवर पाणी मारून कुठे ठिणगी उडते का ते पाहिलं. उडाली नाही. टाकीच्या तळाशी नळी घालून खालचं पेट्रोल काढलं, त्यात ना गाळ ना पाणी. शेवटी त्याने आपला लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. असं ऐकताना तो कुणाला गॅरेजात खोकूही देत नसे. बेअरिंग, टॅपेट, बेल्ट, पंप, एकेकाला त्याने विचारून घेतलं. म्हातारं इंजिन होतं, पण प्रकृतीने ठणठणीत. कुठे टक नाही, कुठे टिक नाही. दुपारभर ते चालू राहिलं आणि एकदाही अडखळलं नाही.

रोग न सापडणं हा निकानोरला स्वतःचा अपमान वाटायचा. त्याने आधीच्या दोन मेस्त्रींना मनातल्या मनात शिव्या घातल्या, ते काम शिकले त्या गावांनाही घातल्या.

"ती उतारावरच करते, मेस्त्री," ग्रोव्हर म्हणाला. "सपाटीला कधीच नाही."

"मग सकाळी सांगायला तोंडात काय मूग होते?"

"तुम्ही बोलू कुठे देता?"

हे मात्र खरं होतं. निकानोरने फडक्याला हात पुसले. "आणखी काय सांगायचं राहिलंय?"

ग्रोव्हर जरा घुटमळला. "कधीकधी पुढे काहीतरी असतं. म्हणजे गाडी बंद पडते, आम्ही थांबतो, आणि वळणापलीकडे बघावं तर रस्त्यात गायी. एकदा दरड पडलेली होती."

"आणि कधीकधी?"

"कधीकधी काहीच नसतं. मागच्या महिन्यात अशीच मधेच थांबली, आणि मागच्या ट्रकने आम्हाला दरीत घातलंच होतं. वीतभर राहिलं. गाडीत लहान मुलं होती."

"म्हणजे तुझं भूत अर्धवेळ नोकरीला आहे," निकानोर म्हणाला. "उद्या घाटात जाऊ. मी चालवतो."

बुधवारी सकाळी ते निघाले. निकानोर स्टिअरिंगला, बासिलियाबाई उजवीकडच्या पुढच्या सीटवर, ग्रोव्हर मागे. आईला आणायची काही गरज नव्हती, पण ती आली होती, आणि आलेल्या बाईला गाडीतून उतरवणं हे इंजिन उतरवण्यापेक्षा अवघड काम आहे.

कुम्ब्रेच्या खिंडीपर्यंत चढ आहे. वर पोचेतो इंजिनाने कुठे तक्रार केली नाही. खिंडीत नेहमीची कुत्री बसलेली होती, रस्त्याच्या कडेला एकमेकांपासून अंतर राखून, थंडीत अंग फुलवून, येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे तोंड करून. बासिलियाबाईने पिशवीतून पाव काढले आणि खिडकीतून एकेका कुत्र्याला टाकत गेली. एक पाव तिने निकानोरपुढे धरला.

"तुम्ही एक टाका, मेस्त्री. घाटात उतरणाऱ्याने टाकायचा असतो."

"माझा ब्रेक चांगला आहे. मला कुत्र्याची शिफारस लागत नाही."

तिने तो पावही स्वतःच टाकला.

खिंडीच्या पलीकडे उतार सुरू होतो, आणि थोडं खाली गेलं की युंगासमधून वर आलेलं धुकं रस्त्यावर भेटतं. डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला ओला खडक. निकानोर उताराला ब्रेकवर पाय ठेवत नसे. तो गिअरवर उतरायचा. उतारावर ब्रेक मारणं हे त्याच्या लेखी पांढरे बूट घालणाऱ्यांचं काम होतं. गाडी नीट उतरत होती. इंजिनाची गुरगुर एकसारखी होती आणि तो आता काय काय ऐकवायचं याची मनात जुळवाजुळव करत होता.

टक.

तो आवाज इंजिनातून आला नव्हता. इंजिन त्याच्या मांडीशेजारी होतं, ते त्याला पाठ होतं. आवाज उजवीकडून, बाईच्या पायापासून आला.

टक-टक.

"पाय आपटू नका, बाई," तो म्हणाला. "मला ऐकू द्या."

"माझे पाय खाली नाहीत," बासिलियाबाई म्हणाली.

त्याने एकदा तिकडे बघितलं. तिने दोन्ही पाय सीटवर घेतले होते आणि झग्याखाली मुडपून ती मांडी घातल्यासारखी बसली होती. "मी इथे पाय खाली सोडतच नाही," ती म्हणाली. "आधी सोडत होते."

इंजिन बंद पडलं.

स्टिअरिंग एकदम जड झालं. गाडी कुणी मागून दोरीने ओढावी तशी हळू होत गेली आणि खडकाच्या बाजूला थांबली. निकानोरने हँडब्रेक ओढला. त्याचा पाय कुठे होता ते त्याने खाली वाकून बघितलं. पाय ब्रेकपासून लांब होता.

मागून एक ट्रक कर्कश्श आवाज करत शेजारी येऊन थांबला. ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली.

"अरे बाबा, ब्रेक किती मारशील? मघापासून लाल दिवे पेटतायत तुझे. पेट, विझ, पेट, विझ. चालवता येत नसेल तर बायकोला बसव."

"मी ब्रेकला हात लावला नाही," निकानोर म्हणाला.

"हाताने कशाला मारशील? पायाने मार," ट्रकवाला म्हणाला आणि गाडी पुढे काढू लागला. लगेच त्यालाही थांबावं लागलं. धुकं जरासं सरकलं होतं. पुढच्या वळणावर रस्त्याच्या मधोमध जेवणाच्या टेबलाएवढा दगड येऊन पडला होता, आणि वरच्या कड्यावरून अजून माती गळत होती.

बासिलियाबाईने कपाळाला, छातीला आणि दोन्ही खांद्यांना बोटं लावली. ट्रकवाल्याने खिडकी वर केली.

"घाटात दगड पडतातच," निकानोर शेवटी म्हणाला. आपला आवाज जरा मोठा आला असं त्याला वाटलं, आणि त्याचा त्याला राग आला.

गॅरेजात परत आल्यावर त्याने कुणाला हात लावू दिला नाही. उजवीकडच्या सीटपुढचा रबरी गालिचा त्याने उचलला. खाली पत्र्याचा एक तुकडा रिव्हेट मारून बसवलेला होता, शेडवाल्याचं काम, वेडंवाकडं. त्याने रिव्हेट उडवले आणि पत्रा काढला.

आत जुन्या स्टिअरिंगची जागा होती. स्टिअरिंग नव्हतं, क्लच नव्हता, अॅक्सिलरेटर नव्हता, ते सगळं काढून डावीकडे नेलेलं. पण ब्रेकचं मूळचं पेडल तिथेच होतं. त्याचा बोल्ट बहुतेक शेडवाल्याला सुटला नसावा, म्हणून पठ्ठ्याने डावीकडे दुसऱ्या कुठल्या गाडीचं पेडल लावलं आणि हे तसंच पत्र्याखाली पुरून टाकलं. ना त्याला मास्टर सिलिंडर, ना नळी. एक कब्जा, एक दांडा, एक स्प्रिंग आणि खाली रबर लावलेला चौकोन. कशालाही न जोडलेलं.

निकानोर खदखदून हसला. दगडानंतर तो पहिल्यांदाच हसत होता.

"या, बाई, या. तुमचा जपानी पाहुणा बघा." त्याने बॅटरीचा झोत आत टाकला. "हा दांडा बघा. आणि ही त्याच्याशेजारून गेलेली वायर, इग्निशनची. वरचं प्लास्टिक सोललंय, दिसतंय? उतारावर गाडी हादरते, दांडा हलतो, वायर पत्र्याला टेकते, करंट गेला, इंजिन बंद. आणि ही लाल वायर ब्रेकच्या दिव्याची. तीही इथेच. तीस वर्षं गॅरेज चालवणारे गाढव दोन, पानं वाचणारी एक, आणि एकालाही गालिचा उचलायचं सुचलं नाही."

ग्रोव्हर वाकून बघत होता. "हे एवढं स्वच्छ कसं, मेस्त्री?"

ते निकानोरनेही पाहिलं होतं. आतल्या पत्र्यावर, वायरींवर, कब्ज्यावर बोटभर धूळ होती, किती वर्षांची कोण जाणे. पेडलच्या रबरावर धुळीचा कण नव्हता. रबर डाव्या कडेला झिजून गुळगुळीत झालं होतं, रोज वापरातल्या पेडलचं होतं तसं. त्याने हात घालून ते दाबून बघितलं. स्प्रिंग चांगली ताठ होती, दाबायला जोर लागला. हादऱ्याने हलेल अशातली ती नव्हती. आणि रबर हाताला कोमट लागलं.

"इंजिनाच्या शेजारी आहे," तो म्हणाला. "गरम असणारच."

इंजिन बंद करून बराच वेळ झाला होता.

"काढणार?" बासिलियाबाईने विचारलं.

"मग काय, फ्रेम करून लावणार?"

"मेस्त्री, काढायच्या आधी पाचामामेला, धरणीमायला, दारूचे दोन थेंब शिंपडू. याच्यावरही शिंपडू. माझ्याकडे बाटली आहे. असेल तो असेल, त्याला सांगून काढू."

"काय सांगायचं? साहेब, तुमची बदली झाली?"

"काहीही. माफ करा म्हणायचं. आम्ही तुमची जागा घेतली म्हणायचं."

"बाई," निकानोर म्हणाला, "हे लोखंड आहे. लोखंडाची माफी मागायला लागलो तर मला उद्या सकाळी पान्यांना नमस्कार करावा लागेल. बाजूला व्हा, ठिणग्या उडतील."

बोल्ट गंजलेला होता. त्याने ग्राइंडर लावला आणि कब्ज्यासकट सगळं कापून बाहेर काढलं. मग सोललेल्या वायरींना टेप गुंडाळला, पत्रा पुन्हा ठोकला, गालिचा अंथरला. बासिलियाबाई तोवर दाराशी उभी होती, हातात बाटली तशीच बंद.

गुरुवारी आणि शुक्रवारी त्याने गाडी घाटात नेली, एकदा स्वतः, एकदा ग्रोव्हरला चालवायला देऊन. ग्रोव्हरने मुद्दाम जोरात उतरवली. टक नाही, टिक नाही, बंद पडणं नाही. धुक्यात, पावसात, वळणांवर ती गाडी पाण्यासारखी वाहत गेली. परत आल्यावर निकानोरने शेजारच्या टायरवाल्याला, समोरच्या पेट्रोलवाल्याला आणि आधीच्या दोन मेस्त्रींपैकी एकाला, जो दुर्दैवाने तिथून चालला होता, सगळी हकिगत साग्रसंगीत ऐकवली.

"मग पाठवू?" बासिलियाबाईने शुक्रवारी संध्याकाळी विचारलं.

"पाठवा."

"मेस्त्री, तुम्ही म्हणता म्हणून पाठवते."

"माझं नाव घेऊन पाठवा. त्या गाडीत आता एकच ड्रायव्हर आहे."

शनिवारी सकाळी ग्रोव्हर सोळा प्रवासी भरून निघाला. गॅरेजावरून जाताना त्याने हॉर्न वाजवला. निकानोरने पाना वर केला.

त्यानंतर काही वेळाने बासिलियाबाई मातीचं मडकं फडक्यात बांधून घेऊन आली. शेंगदाण्याचं सूप केलं होतं, मेस्त्रींसाठी. ती एका पालथ्या डब्यावर बसली आणि वाडग्यात सूप ओतू लागली. ती आज निराळी दिसत होती. बोलत होती, हसत होती, आणि निकानोरला कौतुक ऐकायला आवडत नाही असं कुणी म्हटलेलं नाही.

"आता कुम्ब्रे ओलांडली असेल त्याने," ती म्हणाली. "फोन करणार होते, पण घाटात लागत नाही. खाली पोचला की तोच करेल."

"करेल ना. तुम्ही लोक उगाच भिता. भीती ही गाडीत नसते, बाई, डोक्यात असते. आणि डोक्याचे स्पेअर पार्ट मिळत नाहीत, ही खरी पंचाईत आहे."

"खरंय," बासिलियाबाई म्हणाली आणि त्याच्यापुढे वाडगा धरला.

तिच्या पाठीमागे भिंतीशी लाकडी बाक होता. त्यावरच्या वाइसच्या लोखंडी जबड्यात ते कापलेलं पेडल अडकवून ठेवलेलं होतं. जुनं जपानी लोखंड, चांगल्या जातीचं. निकानोरला ते फेकवलं नव्हतं, दांडा सोडवून कशाला तरी लावू असा त्याचा विचार होता.

टक.

"काय वाजलं?" बाईने विचारलं.

"रस्त्यावरून ट्रक गेला. बाक हलतो."

तो वाडगा घ्यायला पुढे झाला होता. त्याने बाईच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. रस्त्यावर ट्रक नव्हता. पेडल बोटभर खाली गेलं आणि वर आलं.

त्याने वाडगा घेतला आणि खाली ठेवला. स्प्रिंगचा दोष. ग्राइंडरने तापली होती, ताण बदलला असणार. लोखंड असं आवाज करतं. त्याने स्वतःला हे सगळं नीट, क्रमाने सांगितलं.

टक-टक.

या वेळी पेडल अर्ध्यापर्यंत गेलं. वर आलं. पुन्हा गेलं.

"बाक बराच हलतो तुमचा," बासिलियाबाई म्हणाली. तिने मागे वळून बघितलं नाही. ती मिरची चुरडत होती.

निकानोर उठला आणि बाकापाशी गेला. तो बाई आणि वाइस यांच्या मधे उभा राहिला. रबराचा चौकोन खाली जात होता, वर येत होता, खाली जात होता. ब्रेक लागत नसला की माणूस असंच करतो. भराभर दाबत राहतो, की कधीतरी धरेल.

त्याने दांड्याखाली हात घातला आणि तो वर धरला.

दांडा त्याच्या हातासकट खाली गेला. स्प्रिंगमध्ये असा जोर नसतो. तो पायाचा जोर होता, सगळं अंग मागे सीटला टेकवून मारलेल्या पायाचा. रबर आता कोमट नव्हतं, हाताला चटका बसत होता.

"मेस्त्री?"

"काही नाही," निकानोर म्हणाला. "स्क्रू ढिला झालाय. बसा तुम्ही."

त्याला तिला सांगायचं होतं. काय सांगायचं हे त्याला कळलं नाही. फोन लागत नाही हे तिने मघाच सांगितलं होतं.

खाली, वर. खाली, वर.

वर येईनासं झालं. पेडल शेवटपर्यंत खाली गेलं आणि तिथेच राहिलं. स्प्रिंग पुरी ताणलेली होती. त्याने हात काढून घेतला. कुणीच दाबत नव्हतं, आणि ते वर येत नव्हतं.

गॅरेजात एकदम शांत झालं.

"थांबला बाई एकदाचा आवाज," बासिलियाबाई म्हणाली. "या आता, सूप निवतंय."